डाव्या हाताच्या रेघा

गाडी चमकवायला काय लागतं, असं कुणी विचारलं की राजवर्धन आधी हसायचा आणि मग अर्धा तास बोलायचा. मशिन काय हो, सगळ्यांकडं असतं, म्हणायचा. घोडं अडतं ते पॅड आणि पॉलिश निवडताना. सांगलीत विश्रामबागेत त्याचं दुकान होतं. भिंतीवर ओळीनं पॅड टांगलेले. आधी काळे, मऊ फोमचे, मग नारिंगी, जरा कडक, मग मायक्रोफायबरचे आणि शेवटच्या खुंटीला मेंढीच्या लोकरीचे. खाली फळीवर बाटल्या, बारीक पॉलिशपासून जाड्या कंपाउंडपर्यंत. नवशिका काय करतो, रेघ दिसली रे दिसली की लोकरीवर कंपाउंड थापून सुटतो. रेघ जाते, तिच्याबरोबर रंगही जातो. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो डोक्याच्या केसाहून पातळ. रेघ काही भरून येत नसते. तिच्या आजूबाजूचा थर घासून तिच्या तळापर्यंत खाली आणायचा, झालं पॉलिश. म्हणजे दर वेळी काहीतरी कायमचं काढूनच टाकायचं असतं. म्हणून राजवर्धनचा नेम ठरलेला. बॉनेटवर चिकटपट्टीनं फूटभर चौकोन आखायचा, सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश घेऊन तिथं करून बघायचं. रेघ गेली तर बास. नाही गेली तरच एक पायरी वर चढायचं.

आणि या रेघा येतात कुठून? आपल्याच हातांनी. आपल्याकडं सकाळ झाली की माणूस चहा पिऊन आधी गाडीपाशी जातो, डिकीतलं फडकं काढतो आणि कोरडंच गरागरा फिरवतो. गाडीवर धूळ, साखर कारखान्याची काजळी, आणि वर हा प्रेमानं घासतोय. उन्हात बघा, कोळ्यानं जाळं विणल्यासारखा रंग दिसतो. 'तुमच्या गाडीला दुश्मनाची गरज नाही, तुमचं फडकंच पुरे आहे,' असं राजवर्धन गिऱ्हाइकाला सांगायचा आणि गिऱ्हाईक खजील होऊन हसायचं.

त्याच्या स्वतःच्या बापाची गाडी मात्र जिल्ह्यात सगळ्यांत जास्त रेघाळलेली होती.

जोतिबा, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन कडेगावला परत आले तेव्हा त्यांनी कॅन्टीनमधून काळी गाडी घेतली. काळा रंग म्हणजे डोकेदुखी, काही लपत नाही. पण आबांना काळाच पाहिजे होता. रोज सकाळी साडेसहाला जुन्या धोतराचं फडकं घेऊन ते गाडी पुसायला उभे राहायचे. आबा डावखुरे. डाव्या हाताच्या बोटात तांब्याची अंगठी. टपापासून सुरू करून खाली यायचं, उजव्या बाजूनं पुढं, डाव्या बाजूनं मागं. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत घरात कुणी त्यांना हाक मारायची नाही. ऊस तोडायला टोळी आलेली असो नाहीतर दारात तलाठी उभा असो, गाडी पुसून झाल्याशिवाय सुभेदार कुणाशी बोलत नसत.

मग साताऱ्याचं ते बारसं झालं. राजवर्धनची बहीण पूजा, तिच्या लेकीचं. मे महिना, मांडवाबाहेर गाड्या लागलेल्या. पूजाचे सासरे कौतुकानं म्हणाले, "सुभेदार, दहा वर्षांची गाडी, पण ठेवलीय काय हो तुम्ही!"

आबा खूश झाले. मिशीला हात गेला.

राजवर्धनला तिथंच गप्प बसता आलं असतं. पण धंद्याची मस्ती असते एकेकाला. त्यानं आपल्या पिशवीतली तपासणीची बत्ती काढली, बॉनेटवर मारली आणि म्हणाला, "ठेवलीय? या इकडं, दाखवतो काय ठेवलीय ते." पांढऱ्या झोतात हजारो रेघा उभ्या राहिल्या. "रणगाडा पुसायची सवय आबांना. आख्ख्या गाडीची वाट लावलीय बघा." पाहुणे हसले. जावई हसला. आबाही हसले, सगळ्यांच्या नंतर, आणि सगळ्यांच्या आधी थांबले.

परतताना कराडचा पूल ओलांडल्यावर आबा म्हणाले, "मग कशानं पुसायची असती रं?"

"तुमी हातच लावू नका, आबा. मी करून देतो नवी कोरी. फुडच्या आठवड्यात नेतो सांगलीला."

दुसऱ्या दिवसापासून आबांनी गाडी पुसायची सोडली. आणि पुढचा आठवडा काही उजाडला नाही. दुकानात गाड्यांची रीघ. आज डॉक्टरची, उद्या बिल्डरची. घरचं काम कायम उद्यावर. आबांनी फोनवर दोनदा विचारलं, "गाडी कवा नेतूयास?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. डिसेंबरात एका सकाळी चहाचा कप हातात धरूनच ते गेले. राजवर्धन गाडी पळवत कडेगावला पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि शेडमध्ये काळी गाडी बोटभर धुळीखाली उभी होती. आईकडं बघायच्या आधी त्याची नजर त्या धुळीवर गेली. ही गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नाही. पण त्या दिवसापासून दुकानात कुठल्याही गाडीवर बत्ती मारली की त्याला आधी ती धूळच दिसायची.

वर्षश्राद्धाला नऊ दिवस राहिले तेव्हा त्यानं दुकान बंद केलं, मशिन, पॅड, बाटल्या सगळं लादलं आणि गावी आला. वर्षश्राद्धाच्या दिवशी आबांची गाडी दारात नव्यासारखी उभी पाहिजे. जिवंतपणी जमलं नाही, निदान एवढं तरी. सांगलीला नेऊन केली असती, पण आईनं, शालूबाईनं, आधीच बजावून ठेवलं होतं, "वरीस हुईस्तवर गाडी दारातनं हालवायची न्हाई. त्यांचा जीव हाय तिच्यात."

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये त्यानं गाडी धुतली, पुसली, चिकटपट्टी लावली. मग बत्ती मारली आणि वाकून बघत राहिला.

आता, धंद्यातला माणूस सांगेल की उजेडाभोवती रेघा गोल दिसतात तो नजरेचा खेळ असतो. रेघा असतात आडव्यातिडव्या कशाही. इथं तसं नव्हतं. ह्या खरोखरच्या फेऱ्या होत्या. वीतभर रुंदीच्या, एकसारख्या, एकीला एक लागून, जसं कुणी मोजून कवायत केली असावी. आणि प्रत्येक फेरीत डावीकडं एक रेघ बाकीच्यांहून खोल, आकड्यासारखी वळलेली. अंगठीची. टपापासून दारापर्यंत दहा वर्षांच्या सकाळी तिथं मांडून ठेवलेल्या होत्या.

आई मागं येऊन उभी राहिली होती. "ऱ्हाऊ दे की रं," ती म्हणाली. "दिसंना का."

"आई, मी आबांना शब्द दिलाय."

"त्येंनी कुटं मागितला हुता शब्द?"

तिला वाईट वाटत होतं, ते त्याला कळत होतं. पण शब्दाचं ओझं त्याच्या डोक्यावर होतं, तिच्या नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि मशिन सुरू केलं. रंगाची जाडी यंत्रानं मोजली, उजव्या दारावर एकशे सोळा मायक्रॉन. झकास, भरपूर माल होता. काळा पॅड, बारीक पॉलिश. काळा रंग इतका मऊ निघाला की चौकोनातल्या रेघा दुसऱ्याच फेरीत गेल्या. फक्त अंगठीच्या खुणांना नारिंगी पॅड लागला. संध्याकाळी गाडीत आख्खी शेड उलटी दिसत होती, पत्र्याच्या नळ्यासुद्धा मोजता येत होत्या. आई बघायला आली नाही. तो एकटाच बघत बसला. खूप दिवसांनी त्याला बरं वाटलं.

सकाळी सातला शेडचं दार उघडलं, तर उजव्या बाजूला टपाच्या कडेपासून मागच्या दारापर्यंत रेघा होत्या.

त्यानं मिरजेला अनीशला फोन लावला. अनीश त्याला पॅड-पॉलिश पुरवायचा, कॉलेजपासूनचा मित्र. "अरे राजा, पॉलिशमधलं तेल," अनीश म्हणाला. "तेल रेघांत भरतं, रात्रीत सुकतं, रेघा परत वर येतात. स्पिरिटनं पुसून तपासलं होतंस का?"

नव्हतं तपासलं. दुकानात कधी न चुकणारी गोष्ट घरी चुकली होती. राजवर्धनला हायसं वाटलं. त्यानं नारिंगी पॅड घेतला, मध्यम पॉलिश घेतलं, उजवी बाजू परत केली आणि प्रत्येक भागावर स्पिरिट मारून, बत्ती लावून, भिंगातून बघितलं. एक रेघ नाही. एकशे चौदा मायक्रॉन.

सकाळी रेघा होत्या. तशाच वीतभर फेऱ्या, तोच डावीकडचा खोल आकडा.

आबांना चितेवर ठेवताना अंगठी बोटातून निघाली नव्हती. बोट सुजलं होतं, कुणी म्हणालं राहू दे, तशीच गेली. राखेत सापडलेला तांब्याचा गोळा त्यानं स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडला होता. हे सगळं त्याला भिंग हातात धरून उभा असताना आठवलं.

"आई, तू गाडी पुसलीस?"

शालूबाई भाकरी थापत होती. "माजा हात टपापातूर पोचतोय व्हय?"

"मग कोण आलतं शेडात?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. "तुज्यापाशीच हाय की किल्ली," ती म्हणाली, आणि एवढंच म्हणाली.

खरंच होतं, किल्ली त्याच्या खिशात होती. तिसऱ्या दिवशी त्यानं मायक्रोफायबरचा पॅड काढला. एकशे अकरा. गाडीवर कव्हर घातलं, दोऱ्या आवळल्या, दाराला दुसरं कुलूप लावलं. आता कोण येतंय बघू, असं मोठ्यानं म्हणाला, जसं एखाद्या चोराला म्हणावं. सकाळी कव्हर जसंच्या तसं होतं, गाठी त्याच्याच हातच्या. कव्हर काढलं. टप स्वच्छ होता. काचेखालची कडही स्वच्छ होती. पण दाराच्या मध्यापासून खाली रेघा होत्या. आदल्या दिवसापेक्षा हातभर खाली. आणि फेऱ्या पहिल्यासारख्या नव्हत्या. काही अर्ध्यावर सुटलेल्या, काही डगमगलेल्या.

घाबरण्यापेक्षा त्याला राग आला, हे सांगायला पाहिजे. चार दिवस झाले, पाच राहिले, उजव्या दाराचा थर रोज उतरतोय, पाहुणे येणार, आणि हे काय चाललंय? परत घासलं, एकशे सात झाले. पाचव्या दिवशी सकाळी रेघा अगदी खाली होत्या, दाराखालच्या पट्टीवर, मागच्या चाकाशेजारी. तिथं पुसायचं तर माणसाला जमिनीवर बसावं लागलं असतं. फेऱ्या इतक्या फिकट की बत्ती आडवी धरली तेव्हाच दिसल्या. मग त्यानं बत्ती वर फिरवली तर दाराच्या मधल्या उंचवट्यावर, जिथं पत्र्याला घडी असते तिथं, आणखी एक खूण. एकच. जसं उठताना कुणी आधाराला हात टेकावा.

आई शेडच्या दारात आली. हातात काही नव्हतं. तिला सांगायचं होतं म्हणूनच आली होती.

"राजू, मी सकाळी जागीच आसती. मला ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

"फडक्याचा आवाज." तिनं खालच्या पट्टीकडं बघितलं. "आदी वीस मिनटांत हुयाचं त्येंचं. आता लय वेळ लागतोय. तू रोज घासून काडतुयास, म्हातारं रोज पयल्यापासनं सुरू करतंय. दमलंय रं ते. बसून करतंय आता."

"आई, कायतरी बोलू नको."

"चार दिस ऱ्हायलेत. वरीस झालं की पितरांत जायाचं आसतंय. मग कुटलं येनं आन् कुटलं काय. करू दे की त्येंला."

त्यानं ऐकायला पाहिजे होतं. पुढं आयुष्यभर तो हेच म्हणणार होता, की तेव्हा ऐकायला पाहिजे होतं. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात एकच होतं. आपल्याला भास होत नाहीत, आपल्या आईला होतात, आणि रेघ म्हणजे रेघ, ती निघतेच. त्यानं पिशवीच्या तळातून लोकरीचा पॅड काढला. मोठं, एकाच दिशेला फिरणारं मशिन घेतलं. जाडं कंपाउंड थापलं. चौकोन आखला नाही, जाडी मोजली नाही. ज्या चुकीवर तो नवशिक्यांना शिव्या घालायचा ती त्यानं सोळा वर्षांच्या अनुभवानंतर बापाच्या गाडीवर केली. घडीवर थर आधीच पातळ असतो, हे त्याला झोपेतही माहीत होतं. मशिनचा आवाज बदलला. गरम, आंबूस वास आला. त्यानं हात उचलला तेव्हा उशीर झाला होता.

दाराच्या घडीवर बोटाच्या पेराएवढा काळा रंग गेला होता. खालचा करडा थर दिसत होता. टेकलेल्या हाताची खूण होती बरोबर तिथंच.

आई अजून दारात उभी होती. पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

सहाव्या दिवशी सकाळी गाडीवर काही नव्हतं.

सातव्या दिवशीही नव्हतं.

कारखान्याचा हंगाम जोरात होता. त्यानं शेडची दारं सताड उघडी टाकली, कुलपं काढून फेकली. चिमणीतून उडालेली काजळी वाऱ्यानं आत येऊन गाडीवर बसत होती, काळ्यावर काळी, हात लावला की बोटाला लागणारी. तो पहाटेच उठून शेडमध्ये जाऊन बसायचा. कानात जीव आणून ऐकायचा. धारेला उभ्या असलेल्या म्हशीच्या साखळीचा आवाज यायचा, दूरवर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी यायची. फडक्याचा आवाज येत नव्हता. आईला विचारलं, "तुला आला?" तिनं मानेनंच नाही म्हटलं.

आठव्या दिवशी त्याला कळलं की आपण काय केलंय. बाप गेल्यावर वर्षभर त्याला रडू आलं नव्हतं. त्या सकाळी, करड्या डागावर अंगठा ठेवून, तो लहान पोरासारखा रडला. त्याला गाडी चकचकीत नको होती. त्याला आबांनी परत एकदा, एकदाच, ती खराब करायला हवी होती. आणि त्याला म्हणायचं होतं, साताऱ्यात चुकलं माझं. त्याला उद्याचा एकच दिवस उरला होता.

"उद्या भटजी कवा येत्यात?" त्यानं आईला विचारलं.

"नवाला."

वर्षश्राद्धाच्या दिवशी साडेसहाला उजाडलं. शेडमध्ये स्वयंपाकाच्या चुली मांडायच्या होत्या म्हणून आदल्या दिवशीच त्यानं गाडी अंगणात काढून ठेवली होती. रात्रभर काजळी पडली होती. टप, काचा, बॉनेट, सगळं मळकं. जशी वर्षापूर्वी होती तशी. थंडी चांगलीच होती. चुलीवर पाणी तापत होतं आणि आई आत तांदूळ निवडत होती.

तो गाडीत जाऊन बसला. आबांच्या जागेवर, स्टीअरिंगमागं. शेजारची डावी सीट रिकामी. दारं लावून घेतली. आपल्या बाजूची काच अर्धी खाली घेतली, आवाज आला तर ऐकू यावा म्हणून.

पंधरा मिनिटं गेली. काही झालं नाही.

साडेसहाचे सव्वासात झाले. अंगणात ऊन यायला लागलं.

"आबा," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला अवघडल्यासारखा वाटला. "आबा, पुसा की गाडी. कशानंबी पुसा. मी हात लावनार न्हाई."

बाहेर काही हललं नाही. बॉनेटवरची काजळी तशीच होती.

"साताऱ्यात सगळ्यांम्होरं बोलायला नको हुतं मी. तुमी हसलात, तवाच मला कळलं हुतं. कळूनबी मी गप ऱ्हायलो." त्यानं स्टीअरिंगवर हात ठेवला. "चुकलं माजं, आबा."

हे एवढं वर्षभर अडकलेलं होतं. बोलून झालं. तो समोर बघत राहिला, पुढच्या काचेतून, काजळीपलीकडच्या उन्हाकडं. कुणी येणार नव्हतं. उशीर झाला होता, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं केला होता. आता उतरावं, अंघोळ करावी, सोवळं नेसावं, पिंडाला बसावं.

त्यानं दाराच्या कडीला हात घातला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला डावीकडच्या काचेवर वाफ दिसली.

आतल्या बाजूनं. बशीएवढी. त्याच्या देखत ती कडेनं आकसत गेली, आणि परत पसरली.

थंडीत बंद गाडीत माणूस बसला की काचा धुरकटतात. त्यात काय मोठंसं? त्याच्याच श्वासाची वाफ असणार. पण त्याच्या बाजूची काच अर्धी उघडी होती. पुढच्या काचेवर आतून वाफ नव्हती. मागच्यांवरही नव्हती. वाफ होती ती एकाच काचेवर, शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर.

मान वळवायचं त्याला धाडस झालं नाही. आत आईनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी फाटकाशी मोटरसायकल उभी केली.

त्यानं तोंड मिटलं, नाक दाबून धरलं आणि आपला श्वास रोखला. दहा आकडे मोजले. वीस मोजले. तीस.

काचेवरची वाफ लहान होत राहिली, मोठी होत राहिली, हळूहळू, लांबचं चालून आलेल्या दमलेल्या माणसाच्या श्वासासारखी.